मोटर बंद करून दावा की

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, म्हणून इथं लिहितोय.

माझा रिमोटवरच्या ऑटोगायरोचा नाद तुम्हाला माहीत आहे. नवीन मंडळींसाठी सांगतो: हे दिसतं हेलिकॉप्टरसारखं, पण वरच्या पंख्याला मोटर नसते. पुढची मोटर मॉडेलला ओढते आणि वरचा पंखा नुसत्या वाऱ्यावर फिरतो.

आज सोलापूरबाहेरच्या माळावर उडवत होतो. मेंढरं राखणाऱ्या एक मावशी बघत उभ्या राहिल्या. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. "मोटर बंद पडली तरी हे कोसळत नाही, मावशी. पंखा फिरत राहतो आणि अलगद खाली येतं."

"व्हय? मग बंद करून दावा की."

दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगतोय, पण उडताना मोटर एकदाही बंद केली नव्हती. चार महिने खपून बनवलंय, कोण मोडून घेणार?

"ऱ्हाऊ द्या, मोडंल," मावशी म्हणाल्या. ते जास्त लागलं.

मॉडेलचं तोंड वाऱ्याकडं वळवलं आणि मोटर बंद केली. आवाज थांबला, पंख्याची फडफड तेवढी राहिली. तिरकं खाली आलं, एक उसळी मारली आणि चाकांवर उभं राहिलं.

"त्येला काय बी झालं न्हाय," मावशी म्हणाल्या. "तुमीच लई घाबरला हुता."

घरी येऊन माझी दोन वर्षांपूर्वीची पोस्ट काढली. 'मोटर बंद पडली तरी शंभर टक्के सुरक्षित,' असं ठोकून दिलंय. खाली तुमची वाहवा.

करून बघितलंस का, हे तुमच्यापैकी एकानंही कसं विचारलं नाही?