दोनशे माणसांचे रोडगे

गावच्या पंगतीत गोवऱ्यांच्या आरावर दोनशे माणसांचे रोडगे, कणकेचे जाड टणक गोळे, मीच भाजायचो, पण घरच्या चुलीपुढं कधी बसलो नाही. एकदा बायको तापानं फणफणली होती. म्हणाली, "आज तुमीच भाकरी टाका न."

"ते बायकाईचं काम हाय," मी म्हणालो. तिनं तशीच उठून भाकरी थापल्या अन् मी जेवलो.

परवा अकोल्यात पोराच्या घरी स्वयंपाकाची पाळी त्याची होती. त्यानं आईला तव्यावरची पोळी वाढली. ती म्हणाली, "बसल्या जागी गरम पोळी पयल्यांदाच भेटली मले."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"उद्या रोडगे मी करतो," मी म्हणालो.

ती हसली. "आता? दात कुठी राहिले माहे रोडगे खायले?"

त्या तापाच्या दिवसाची माफी मागायला जीभ रेटली नाही. खाली मान घालून एवढंच विचारलं, "मंग खिचडी चालन का?"