एक ऑगस्ट आणि माझा भाऊ

भाऊ गेला ही बातमी मला कुणी कळवली नाही. मी त्याच्याजवळच होते. ती बातमी मीच पुढे गावाला कळवायची होती, आणि मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात, व्हरांड्यातल्या बाकावर हातात फोन घेऊन नुसती बसून राहिले होते. डॉक्टर सांगून गेले, नर्सबाईंनी खांद्यावर हात ठेवला, आणि मी त्यांना पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "आज तारीख कोणती?" त्यांना वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं. तारीख मला चांगली माहीत होती. आपलीच काही चूक होत असेल, एवढी वेडी आशा होती... "एक ऑगस्ट," त्या म्हणाल्या. सख्खा भाऊ गेल्याचं दुःख बाजूला राहिलं. मला भीती वाटत होती ती त्या तारखेची, आणि घरी फोनची वाट पाहत बसलेल्या एका नऊ वर्षांच्या पोरीची.

याला आता महिना होत आला. भाऊ म्हणजे सिहोऱ्याच्या बाजूला आमच्या गावच्या शाळेतले सुखदेव गुरुजी. विहारासमोर एक काळा फळा होता, त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहायचा हा त्याचा नेम. आज कोण जन्मलं, कोण वारलं, कुठे लढाई झाली, कुठे तह झाला. अक्षर असं की शेतावर निघालेली माणसंही दोन मिनिटं थांबून वाचायची. लग्नाचा चांगला दिवस विचारायला कुणी आलं की भाऊ म्हणायचा, "नवरदेवाले ज्या दिवशी सुट्टी आहे, तो चांगला दिवस." आणि मग फळ्याकडे बोट दाखवायचा. "पाहा, एक तरी तारीख रिकामी आहे काय? रोज कोणी जन्मते, रोज कोणी मरते. तारखेचा त्यात काय गुन्हा?" आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातलं पंचांग गेलं होतं. भाऊला त्याचा फार अभिमान. मी लहानपणापासून भित्री, पाल चुकचुकली तरी दचकणारी, आणि तो मला त्यावरून चिडवून चिडवून बेजार करायचा.

पण याच माणसाला एका तारखेची भीती होती. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं, मला होतं.

एक ऑगस्टला आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत जा, टेबलावर दोन फोटो असतात. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. उदबत्ती एकच, हार दोन. भाऊ चौथीत असताना त्याने त्या दिवशी पहिल्यांदा भाषण केलं होतं. गुरुजींनी शाबासकी दिली, म्हणून पोरगं ते आईला सांगायला पळत बांधीवर, धानाच्या शेतात, गेलं. आई रोप लावायला, रोवणीला गेली होती. तो पोचला तेव्हा बायका तिला चिखलातून उचलून शेताच्या धुऱ्यावर आणत होत्या. साप चावला होता. मी तेव्हा फार लहान, मला आईचा चेहराही आठवत नाही. भाऊला सगळं आठवायचं. तरी मोठा झाल्यावर तो म्हणायचा, पावसाळ्यात धानाच्या बांधीत साप निघतो, त्यात तारखेचं काय? आणि शिक्षक झाल्यावर त्याच दिवशी स्वतःच्या हाताने दोन्ही फोटोंना हार घालायचा.

मग राहुल गेला. त्याचा एकुलता एक मुलगा, तुमसरला कॉलेजात होता. गोंदिया वेगळा होऊन आमचा जिल्हा नुकताच लहान झाला होता, ते दिवस. सकाळपासून पावसाची झड लागली होती आणि नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. राहुलने मोटरसायकल घातली. लोक काठावरून ओरडत होते म्हणतात... भाऊ त्या वेळी शाळेत भाषणं करणाऱ्या पोरांना पेढे वाटत होता. निरोप आला तेव्हा पेढ्यांचं ताट त्याच्या हातात होतं. वहिनी त्या धक्क्यातून उठल्याच नाहीत, दोन वर्षांत गेल्या. मीही तोवर विधवा झाले होते. माझ्या मुलीला, प्रज्ञाला घेऊन मी भाऊच्या घरी राहायला आले, आणि तेव्हापासून त्याची ती भीती माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेली.

जुलै संपत आला की त्याचं जेवण तुटायचं. एकतीस तारखेच्या संध्याकाळी तो हळूच म्हणायचा, "शोभे, उद्या कोणी बाहेर जाऊ नोका." स्वतः मात्र शाळेत जायचा, कारण कार्यक्रम त्याच्याकडे. हार घालताना तो डोळे मिटून घ्यायचा. लोकांना वाटायचं, गुरुजी भावुक झाले. कार्यक्रम संपला की एकाही पोराला एकटं सोडायचा नाही. बाप किंवा आई येऊन हात धरून नेईपर्यंत पोरं वर्गात बसवून ठेवायचा, मग त्या शिस्तीचं गावभर कौतुक व्हायचं. घरी येऊन दाराला कडी लावली की तो माझ्याकडे बघायचा. त्या नजरेला मी फार घाबरायचे. जो आपल्याला धीर देतो तोच घाबरलेला दिसला की माणसाने जायचं कुणाकडे?

एकदा मी म्हटलं, "भाऊ, तूच तं म्हणते ना, तारखेचा काय गुन्हा?"

"फळ्यावर लिहाले सोपं आहे वं," तो म्हणाला.

प्रज्ञाचं लग्न गावातच झालं, हाकेच्या अंतरावर. नऊ वर्षांपूर्वी ती बाळंतपणाला भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती. कळा येऊन थांबल्या, आणि एक ऑगस्टला सकाळी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, लगेच. भाऊ डॉक्टरांपुढे हात जोडून उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, उद्या केलं तं चालत नाही काय?" डॉक्टर वयाने लहान होते, पण शांत होते. म्हणाले, "गुरुजी, बाळाचे ठोके कमी होताहेत. उद्या कशासाठी थांबायचं ते सांगा." "नाही, करा. आताच करा," असं म्हणून भाऊ जो बाहेर गेला तो पावसात भिजत गेटजवळ उभाच राहिला. मुलगी झाली, रडली, दोघी सुखरूप आहेत, हे मी पळत जाऊन सांगितलं तरी तो आत आला नाही. दुसऱ्या दिवशी, दोन तारखेला आला आणि तेव्हा कुठे त्या बाळाला, आमच्या मैत्रीला, मांडीवर घेतलं.

आणि मग तिचा वाढदिवस आमच्या घरी दोन तारखेलाच व्हायला लागला. प्रज्ञाला ते पटत नव्हतं, पण मामापुढे ती काही बोलली नाही. मैत्री शाळेत जायला लागल्यावर तिने विचारलंच. "आजोबा, बाईंनी आज माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, मंग खीर उद्या काहून?" भाऊ म्हणाला, "उद्याच्या दुधाची खीर जास्त गोड होते." पोरगी हसली. तिला पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. पण ती त्याला इतका जीव लावायची की पुन्हा कधी विचारलं नाही. एक तारखेला शाळेतून आली की निमूट घरात बसायची, खिडकीतून पाऊस बघत. खेळायला चल म्हणून हाका मारणाऱ्या मैत्रिणींना ती आतूनच "आज नाही" म्हणायची, आणि हे भाऊ बघत होता. बघून मान खाली घालायचा.

यंदा जुलैमध्ये त्याचा दम वाढला. छातीत पाणी झालं म्हणाले. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी नाकात, आणि शुद्धीवर आला की एकच विचारणं, "आज किती तारीख?" मला वाटलं, मरणाला भितो आहे. एकतीसला त्याने माझं मनगट धरलं.

"शोभे, मी उद्या गेलो तं कोणाले सांगू नोको. दोन तारखेले गेला म्हणून सांगजो."

"काय बोलते भाऊ, काही होत नाही तुले."

"पोरीचा दिवस आहे वं तो. मी त्याच दिवशी गेलो तं तिले जन्मभराचं भेव बसन. माह्यासारखं. ते नोको."

मी कबूल केलं. खरं सांगते, त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं, माझी पाचावर धारण बसली होती. सकाळ झाली, तो होता. मी मनात म्हटलं, एवढा एक दिवस काढ बाबा. त्याने खुणेने फोन मागितला, "मैत्रीले लाव." मी लावून त्याच्या कानाशी दिला आणि औषधं आणायला खाली गेले. परत येताना दारातून त्याचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं, दरवर्षीचंच सांगत असणार, आज घराबाहेर पडू नको. दुपारनंतर त्याचा श्वास अडकायला लागला. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला, एक तारीख काही त्याच्याच्याने ओलांडवली नाही.

तर मी बाकावर बसले होते. आज कळवू नये, दवाखान्यातून उद्या सकाळी नेऊ, आणि मग उद्याची तारीख सांगू, असं मी मनाशी घोकत होते. तेवढ्यात हातातला फोन वाजला. मैत्रीच होती.

"आजी, आजोबांले फोन दे ना."

"झोपले आहेत," मी म्हटलं.

"मंग उठले की सांगजो. त्यांनी सकाळी म्हटलं होतं, आज तुहा वाढदिवस आहे, घरात बसू नोको. बाबाचा हात धरून नाल्यावरच्या नव्या पुलावर जाय, वरतून पाणी पाहून ये, अन् कसं वाटलं ते मले संध्याकाळी सांग. मी जाऊन आली."

राहुल गेला त्या रपट्याच्या जागी आता उंच पूल आहे. भाऊ स्वतः त्या पुलावर कधी थांबला नव्हता.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"पाणी लय होतं आजी. पहिले भेव लागलं. मंग नाही लागलं."

"आजी, तू रडून राहिली काय?" तिने विचारलं. मग मी तिला सांगितलं. आजोबा गेले, आणि आजच गेले, असं सांगितलं.