ग्रहण सुटल्यावरचा भात
रस्त्यावरून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक आली की अजून माझ्या नाकात आंबलेल्या भाताचा वास शिरतो. तीस-पस्तीस सालच्या सुमाराला नाशकात मागांना काम नव्हतं, मुसलमान विणकरांच्या चुली थंड होत्या, आणि आम्ही कॉलेजची पोरं मिळेल ते दानाचं अन्न त्यांना घरपोच करायचो. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. ते सुटलं, गोदेवर आंघोळींची झुंबड उडाली, आणि एका शेटजींकडून भाताची दोन मोठी पातेली आली. बरोबर त्यांचे दिवाणजी, ओल्या शेंडीचे. पहिल्याच घरी एका म्हातारीने ताटात भात घेतला आणि पहिला घास दिवाणजींपुढे धरला. “पहले तुम खाओ बेटा, मेहमान हो.” दिवाणजी विंचू दिसावा तसे मागे सरले. “छे, छे! ग्रहणाच्या आधी शिजलंय ते. आमच्यात टाकूनच देतात.” “मग यांना कसं चालतं?” मी विचारलं. “यांना कुठलं आलंय ग्रहण?” ते हसले. म्हातारीला मराठी नीट कळत होतं. तिने तो घास परत ताटात ठेवला आणि ताट आत नेलं, कारण आत पोरं सकाळपासून उपाशी होती. आता आमच्या घरी ग्रहण सुटलं की मी आधी सकाळचाच भात वाढून घेतो. घरचे नाकं मुरडतात. मुरडू देत.