तीन गल्ल्यांचे वॉलमामा

वॉलमामा भररस्त्यात गुडघे टेकून बसायचे आणि लोखंडी चावीच्या दांड्याला कान लावायचे. नवख्याला वाटावं, हा गृहस्थ डांबराशी काय हितगुज करतोय! पण खाली पाइपातून पाणी निघालं का, कुठवर आलं, कुठे अडलं, हे त्यांना त्या दांड्यातून ऐकू यायचं. मग उठून, गुडघे झटकून सांगायचे, "निघालं. पाच मिनिटं." आणि पाच मिनिटांत आमच्या नळाला घरघर लागायची.

आमच्या शहरात पाणी पाहुण्यासारखं येतं. आठवड्यातून एकदा, तेही लहर लागली तर. शहराचं नाव बदललं, पाण्याची सवय काही बदलली नाही. त्यामुळे इथे नगरसेवकापेक्षा लाईनमनचा फोन नंबर लोकांना जास्त पाठ असतो. आमचे लाईनमन मूळचे पाचोडचे. कंत्राटावर कामाला होते. पाण्याचे वॉल उघडायचे-बंद करायचे म्हणून थोरामोठ्या सगळ्यांचेच ते वॉलमामा झाले. त्यांचं खरं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं आणि तेव्हा ते मला त्यांचं वाटेचना.

आमची वस्ती उतारावर आहे. वरची गल्ली मुसलमानांची, मधली आमची, बहुतेक मराठ्यांची, आणि खालची बौद्धांची. मामा खालच्या गल्लीत भाड्याने राहायचे. पाइप तिघांना एकच. कुठली गल्ली आधी आणि कुठली नंतर, हे मामांच्या चावीवर ठरायचं. म्हणजे लोकांना तसं वाटायचं. मामांचं म्हणणं वेगळं होतं. "चावी माझ्याकडं हाय, बाई. पाळी तुमच्याकडंच हाय."

मला याचा अर्थ माझ्या लेकीच्या हळदीला कळला. घरात वीस पाहुणे आणि पाण्याची पाळी दुपारी. मी मामांना गाठून म्हटलं, "तेवढं वरच्या गल्लीच्या आधी आमच्याकडे सोडा." शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई मी, माझं कुणी सहसा मोडत नाही. मामांनी सरळ मोडलं. म्हणाले, "मला कामून सांगता? पाळी त्यायची हाय. त्यायला सांगा जाऊन."

वरची गल्ली माझ्या दारापासून शंभर पावलांवर. वीस वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. भांडण नव्हतं, पण जायचं कारणही नव्हतं. कोपऱ्यावरच्या पहिल्याच घरात रेहानाभाभी भेटल्या. दोन वाक्यांत काम उरकून निघायचा माझा बेत. त्यांनी खुर्ची दिली, चहा ठेवला आणि विचारलं, "हल्दी को इत्ता पानी क्या करते बाई?" मी सांगत गेले. त्या हसून म्हणाल्या, "हमारे में भी हल्दी रैती ना! दुल्हन को पीले कपड़े में बिठाते." तासाभराने मी पाळी घेऊन उतरले, शिवाय हळद सुकू नये म्हणून तेल किती घालायचं तेही शिकून आले.

खाली मामा चावी घेऊन उभेच होते. "दिली पाळी? काय बोलल्या?" मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी वॉलला हात लावला नाही. ही त्यांची रीतच होती. नुसतं 'हो म्हणाले' चालायचं नाही. मागणाऱ्याला का हवंय, देणाऱ्याने काय विचारलं, चहा झाला का, हे सगळं सांगावं लागे. आपल्या स्वतःच्या गल्लीलाही सूट नव्हती. जयंतीच्या खिरीसाठी पहाटेचं पाणी हवं म्हणून खालची मंडळी अडून बसली, तर मामांनी त्यांनाही वर पाठवलं. तशी पाळी ईदला बदलली, गणपतीला बदलली, एकदा तर वरच्या गल्लीतल्या मयतीसाठी आमच्या लोकांनी न मागता सोडली. पुढे पुढे मी पाण्याचं काम नसतानाही रेहानाभाभींकडे जाऊ लागले. आमच्या गल्लीतून तशी जाणारी मी एकटीच, हेही खरं.

मग मागच्या एका उन्हाळ्याच्या तोंडी शहरात दुसरीकडे कुठेतरी दगडफेक झाली. मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ फिरला. आमच्याकडे एक काचही फुटली नाही, पण तिन्ही गल्ल्यांनी माना फिरवल्या. मीही वर जायचं थांबवलं. कुणी अडवलं नव्हतं. 'आत्ता नको' असं मीच मला सांगत राहिले. पाळ्या बदलणं थांबलं आणि लोक घड्याळं घेऊन दारात उभे राहू लागले. वरच्या गल्लीला पावणेदोन तास पाणी, आम्हाला एकच तास! हा उघड पक्षपात म्हणून आमच्या गल्लीने कार्यालयाला अर्ज द्यायचं ठरवलं. अर्ज लिहिला मी. बाईंचं अक्षर सुंदर, बाईंची भाषा शुद्ध! खाली नाव न घालता 'समस्त रहिवासी' असं लिहिलं. मामा स्वतःच्या गल्लीला जेमतेम चाळीस मिनिटं देतात, हे आमच्यापैकी कुणी मोजलंच नव्हतं.

आठ दिवसांत मामा दिसेनासे झाले. नवा लाईनमन आला, तरुण, घड्याळाचा पक्का. प्रत्येक गल्लीला एक तास, ना कमी ना जास्त. आम्हाला न्याय मिळाल्यासारखं वाटलं.

त्याच्या पहिल्याच पाण्याच्या दिवशी, रमजान चालू असताना, आमची टाकी भरून वाहिली, अंगण धुऊन झालं, आणि आता वरच्या गल्लीची पाळी चालू होती. तेवढ्यात रेहानाभाभी खालच्या गल्लीतून दोन कॅन भरून भर उन्हात चढ चढताना दिसल्या. मी न राहवून विचारलं, "अहो, पाणी तर तुमच्याकडेच चालू आहे ना?"

"नल आया बाई. पानी नै आया."

मी त्यांच्या हातातला एक कॅन घेतला आणि मागोमाग वर गेले. अंगणात नळाखाली बादली होती आणि नळाला दोऱ्याएवढी धार. सवयीने माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. बादली भरायला सात मिनिटं लागली. आमच्याकडे ती चार मिनिटांत भरते. चढावर जोर पोचत नाही, म्हणून मामा त्यांना वेळ जास्त देत होते, आणि सगळ्यात खालच्या, स्वतःच्या गल्लीला कमी. तिघांना पाणी सारखं मिळावं म्हणून त्यांनी वेळ वेगवेगळी ठेवली होती. आम्ही घड्याळ पाहिलं, बादली कुणी पाहिली नाही.

रेहानाभाभींचा रोजा होता. ओठ सुकले होते. त्यांनी त्याच बादलीतलं पाणी पेल्यात घेऊन माझ्यापुढे धरलं. "पियो बाई, धूप में आये आप." नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मी प्याले, आणि पेला खाली ठेवताना सांगून टाकलं, "तो अर्ज मी लिहिला होता."

त्यांनी रिकामा पेला उचलून घेतला. मग म्हणाल्या, "आपको मालूम नै था ना."

"माहीत नव्हतं. पण विचारायलाही आले नाही ना मी."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी तिन्ही गल्ल्यांत घरोघर फिरलो. मी दुसरा अर्ज लिहिला, मामांना परत आणा म्हणून. या वेळी नावं आणि सह्या दोन पानं भरून झाल्या. आमच्या गल्लीतले काही जण सही करताना माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांना तरी काय बोलणार! पाडवा त्या वर्षी रमजानच्या अगदी शेवटी आला आणि पाणीही नेमकं त्याच पहाटे. आमच्या लोकांनी पहिली पाळी सहेरीसाठी, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, वर सोडली, गुढीची आंघोळ मागाहून केली. नवा लाईनमनही बादली घेऊन मोजायला शिकला. पण मामांचं कंत्राट संपलं ते संपलंच. कार्यालयात आमची दोन पानं नुसती ठेवून घेतली.

ईदनंतर आम्ही दोघी एसटीने पाचोडला गेलो. मामा ओट्यावर बसून दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवत होते. आत भिंतीभर पुस्तकं. माझी नजर तिथे खिळलेली पाहून म्हणाले, "बापाला सही येत नव्हती. मला शाळंत घालण्यासाठी त्यानं चार गावं बदलली. ही समदी वाचल्याली हायेत बरं का, शोभंची नायत!" मोसंबीच्या बागेत पाणी द्यायचं काम मिळालं होतं. तक्रारीचा सूर कुठेच नव्हता, त्यामुळे मला बोलणं आणखी अवघड झालं. शेवटी म्हटलं, "मामा, तो अर्ज माझा होता."

"ठावं हाय," मामा म्हणाले. "साहेबांनी माझ्याच हातात दिला. म्हणले, खाली नाव नाय. अक्षर कुणाचं ते सांग, त्याला बोलावतो, समोरासमोर करतो, तुझं काम राहील. मी तर बघताच वळखलं. माझ्या पोरीच्या वसतिगृहाचा अर्ज तुमीच लिहून दिल्ता की."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमच्या गल्लीतून वर जाणाऱ्या तुमी एकट्या, बाई. नाव फुटलं असतं तर पुन्हा वर कोणत्या तोंडानं गेल्या असत्या? आन् तुमी नाय तर दुसरं जायचं तरी कोण?"

"साहेबांना काय सांगितलंत मग?"

मामांनी मांडीवरच्या पेपरची घडी घातली. "म्हटलं, साहेब, मला वाचता येत नाय."

रेहानाभाभींनी माझा हात धरला. मी तोंडाला पदर लावून रडले, अगदी लहान मुलीसारखी. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवलं होतं, आणि माझं नाव झाकायला या माणसाने स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं होतं.