मावशींचं मत

आमदार वारले आणि घाटकोपरला पोटनिवडणूक लागली. मी तेव्हा तिथल्याच शाळेत शिकवत होते, राहायला मुलुंडला. नोकरीचं दुसरं वर्ष. मतदान केंद्र आमच्याच शाळेत आणि माझं काम मतदारांच्या बोटाला शाई लावायचं.

सकाळी दहाच्या सुमारास यादीवाल्या गृहस्थांनी एक नाव मोठ्यानं वाचलं. मी दचकले. ते आमच्या शाळेतल्या मावशींचं नाव होतं. मावशी म्हणजे वर्ग झाडणाऱ्या, घंटा देणाऱ्या, मागच्या टेकडीवर राहणाऱ्या मालवणी बाई. पन्नाशी उलटलेली. समोर उभी होती ती पंचविशीची कोणीतरी, पदर कपाळापर्यंत ओढलेली.

उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावर बसले होते. कोणी हरकत घेतली नाही. त्यातला एकजण माझ्याकडेच बघत म्हणाला, "बाई, आवरा ना. रांग वाढतेय."

तिनं डावा हात पुढे केला. मी शाई लावली.

दुपारी मावशी आल्या. घरचं उरकून, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"तुमचं मत होऊन गेलंय," यादीवाले म्हणाले.

"कोणी घातल्यान? मी आता येतंय!" त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. "बघा बाई, बोट कोरा आसा."

केंद्राध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी मावशींना ओळखता का म्हणून मला विचारलं. मी मान हलवली. सकाळचं मात्र बोलले नाही. मग त्यांनी नियमाप्रमाणे मावशींना वेगळी मतपत्रिका दिली. शिक्का मारून झाल्यावर ती पेटीत न टाकता पाकिटात ठेवली. अशी मतं कोर्टानं सांगितलं तरच उघडतात.

"पेटीत नाय?" मावशींनी मला विचारलं. "पण बाई, ह्यां मोजतले ना?"

"हो," मी म्हणाले.

त्यांचा उमेदवार थोडक्यात पडला. कोर्टात कोणी गेलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मावशी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पडलो तो. पण आपला मत पोचला, ह्यां बरा झाला."

मी तो चहा तसाच ठेवला. आठवडाभरानं, वर्ग रिकामा असताना, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पाकिटाचं, आणि त्या सकाळच्या बाईचंही.

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"तुमका दिसला ती मी न्हय ता?"

"दिसलं."

"मगे गप कित्याक रवलात?"

मी भ्याले होते, एवढंच उत्तर होतं. त्यांनी झाडू उचलला आणि पुढचा वर्ग झाडायला गेल्या.

चहा त्या पुढेही आणत राहिल्या, पण टेबलावर ठेवून लगेच निघून जात. पुढल्या निवडणुकीत माझी ड्यूटी बोरिवलीला लागली. तिथं प्रत्येक नावासरशी मी मान वर करून चेहरा बघत होते. मावशी मतदानाला गेल्या होत्या का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.