हदूकाकाचं अक्रोडाचं झाड

हदूकाकाची नजर अधू झाली ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. सांगणार तरी कसं? छत्तीस वर्षं माराकेशच्या वरच्या डोंगरात, आमच्या खोऱ्यातल्या चार गावांतून परक्या पाहुण्यांना दिवसभर फिरवून आणायचं, हाच त्याचा धंदा. ज्याला दिसत नाही असा वाटाड्या कोण घेणार? बरं, डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. त्याच्या वडिलांच्या डोळ्यांत आठवडी बाजारातल्या एका वैदूने सुई घातली होती, आणि पुढची अकरा वर्षं तो म्हातारा भिंत चाचपत अंगणात यायचा. हदूकाकाने ते लहानपणी पाहिलं होतं. डोळ्यापुढे धुकं आलं तर येऊ दे, पण सुई नको, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

आणि चाललंही होतं की हो! वाट पायांना पाठ होती. कुठे दगड निसटतो, कुठे पाट ओलांडायचा, सगळं ठाऊक. माणसं तो आवाजावरून ओळखायचा. त्याची तक्रार एकच होती, हल्ली गावातली माणसं फार ओरडतात.

त्या दिवशीही तेच. पहिल्या गावात शिरतोय न शिरतोय तोच छपरावरून हाक आली, "हदूकाका, मी ज़ैना! बार्लीच्या भाकऱ्या काढतेय, गरम घेऊन जा!"

"ऐकू येतं मला! बहिरा नाही झालो अजून," काका खेकसला. "पूर्वी आधी घरादाराची खुशाली विचारायचे, मग हळूच बोलायचे. आता आधी नाव ठोकतात, जणू मी पहाऱ्यावरचा शिपाई."

मागून त्याची पुतणी तूदा खेचर घेऊन येत होती. चाळिशीची बाई, नवरा गेलेला, जीभ तिखट. ती खुदकन हसली.

"आणि तुझं काय गं?" काका वळून म्हणाला. "मी पाहुणे घेऊन निघालो की तुझं गवत नेमकं वरच्याच डोंगरावर कसं उगवतं?"

"खेचराला विचारा, काका. त्यालाच तुमची सोबत आवडते."

अरुंद कड्याची वाट आली की तूदाचं खेचर कसं कोण जाणे पुढे जायचं. मग काका त्याच्या टापांच्या आवाजामागे चालायचा आणि म्हणायचा, जनावर फार उतावळं आहे.

त्या दिवशीची पाहुणी होती सोलांज नावाची फ्रेंच बाई. जन्मभर टपाल वाटलेली, नुकतीच निवृत्त झालेली. पायाने टणक. काकाशी तिची गट्टी जमली, कारण दोघांनाही जन्मभर चालण्याचेच पैसे मिळाले होते.

दुपारच्या आत ते वळणावर पोचले. तिथून पलीकडच्या काठावरचं तिझी गाव समोर येतं. काका थांबला, कापडी पागोटं नीट केलं, हात लांब केला.

"बाई, ते बघा. गावाच्या डाव्या हाताला, नदीकाठी. ते अक्रोडाचं झाड. माझ्या पणजोबाच्या आधीचं. आठ माणसांच्या कवेत मावत नाही. आमच्याकडे पंचांनी दिवस जाहीर केल्याशिवाय एकही अक्रोड कुणी तोडायचा नाही. तोडला तर साऱ्या पंचांना जेवण घालायचं. मी नऊ वर्षांचा असताना दोन तोडले, आणि आमच्या आईला दोन बकऱ्या कापाव्या लागल्या!"

या जागी पाहुणे हसायचे, वा वा म्हणायचे, फोटो काढायचे. सोलांजबाई हसली नाही. ती डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली.

"कुठलं झाड?" तिने विचारलं.

"ते काय, डाव्या हाताला."

"डावीकडे दगड आहेत. एक लहानसं शेत आहे. झाड नाही."

दुसरं कुणी असतं तर मान डोलावून पुढे गेलं असतं. पण ही पडली टपालवाली. पत्ता सापडल्याशिवाय पाऊल उचलणारी नव्हे.

काका आणखी एकदा हात दाखवायला गेला आणि मध्येच थबकला. त्याचा हात हळूहळू खाली आला. "तूदा," तो म्हणाला, "झाड कुठाय?"

तूदा खेचराचा दोर उगाच घट्ट करत राहिली.

"तूदा!"

"पडलं, काका. दोन वर्षं झाली. तुम्ही मुलीकडे माराकेशला महिनाभर होता ना, तेव्हा बर्फाने पडलं. तुम्ही आलात, इथेच उभे राहिलात, आणि एका जर्मन जोडप्याला ते झाड दाखवलंत. मी मागेच होते." तिने नाक ओढलं. "तेव्हा मला कळलं. मी घरी जाऊन रडले. मग तिझीतल्या तुमच्या दोस्ताला, बासूला सांगितलं, ज़ैनाला सांगितलं."

"म्हणजे सगळ्यांना...?"

"चारही गावांना. तुमच्यासमोर झाडाचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. दिसलात की आधी आपलं नाव सांगायचं. आणि कड्यावर खेचर मी पुढे काढते, ते आपणहून जात नाही."

काका मटकन दगडावर बसला. आधी त्याला राग आला, इतका की काठी आपटली. "मला वेड्यात काढलंत! दोन वर्षं! मी वाटेल ते दाखवतोय आणि तुम्ही मागे उभे राहून ऐकताय!"

"तुम्ही ते झाड इतकं छान सांगता, काका," तूदा म्हणाली. "आम्हालाही ते तिथे आहे असंच वाटायचं. तोडवेना हो कुणाला."

काकाने डोळे पुसले. मग बाईकडे तोंड करून फ्रेंचमध्ये सरळ सांगून टाकलं, "बाई, मला दिसत नाही. पुढची वाट ही दाखवेल. पैसे तिला द्या."

"वाट कुणीही दाखवा," बाई म्हणाली, "पण गोष्टी तुम्हीच सांगा."

तूदा पुढे झाली. काकाने खेचराची शेपटी धरली आणि चढ चढायला लागला.

तिझीत जेवण बासूच्या घरी होतं. बासू काकाच्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त. तूदाचं तोंड पाहूनच त्याला कळलं. लोण्याची वाटी पुढे सरकवून तो खाली मान घालून बसला. शेजारपाजारचेही आले आणि आपापलं नाव सांगून दाराशी उभे राहिले. आता म्हातारा शिव्या घालणार, असंच सगळ्यांना वाटलं.

काका उठून उभा राहिला. "देव तुमच्या आईबापांवर दया करो," तो म्हणाला. आमच्याकडे याहून मोठे आभार नाहीत. त्याने ते बासूला म्हटलं, तूदाला म्हटलं, आणि दाराकडे वळून एकेकाला नाव घेऊन म्हटलं. त्याला हुंदका आवरेना. "माझी पोरंबाळं करणार नाहीत ते तुम्ही केलंत."

"बस रे, चहा गार होतोय," बासू म्हणाला.

काका बसला. थोडा चहा प्याला. मग म्हणाला, "आता खरं सांगा, आणखी काय काय लपवलंत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एकेक सुरू झालं. मशिदीला हिरवा रंग दिलाय. ज़ैनाच्या घरावर दुसरा मजला चढलाय. बासूची दाढी पांढरीशुभ्र झालीय, अगदी त्याच्या बापासारखी.

"खोटं!" काका म्हणाला. त्याने हात लांब करून बासूची दाढी धरली, आणि सारं घर हसलं.

"आणि ज़ैनाची नात," तूदा म्हणाली, "दीड वर्षाची झाली. हसली की गालाला खळी पडते, हुबेहूब तुमच्या आईसारखी. सगळे म्हणतात."

काकाचा हात दाढीवरच राहिला.

"आईसारखी?"

"हुबेहूब."

दुसऱ्या हातातला पेला त्याने चाचपत खाली ठेवला.

"तूदा," तो म्हणाला, "तालुक्याला तो डोळ्यांचा डॉक्टर शनिवारी येतो म्हणतात. सुईची मला फार भीती वाटते गं. तू माझा हात धरून बसशील?"