चौथ्या पेटीचे झाकण

ती घटना आजही आठवली की मला आधी स्वतःचाच राग येतो. एकोणीसशे साठचे दशक नुकतेच सुरू झाले होते आणि मी पनवेल ठाण्यात फौजदार होतो. गावाबाहेर रंगाचा एक कारखाना होता. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तो सकाळी सुरू झाला आणि थिनर मिसळण्याच्या खोलीत भडका उडाला. यंत्राचे बटण दाबणारा कामगार संध्याकाळी दवाखान्यात वारला.

मॅनेजरने जागेवरच गुन्हेगार सांगून टाकला. "खंडेनवमीला मी आमच्या वायरमनला कामावरून काढलं. भर पूजेत माझ्याशी भांडला. त्याचंच हे काम."

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा वॉचमन आपणहून ठाण्यात आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "सायेब, पूजेच्या सांजला तो कुंपनावरून आत आलता. त्याच खोलीत. हातात पाना व्हता. मी हाकलला त्याला."

भांडण, कुंपण, पाना. मला आणखी काय हवे होते? त्याच दुपारी वायरमनला त्याच्या गावाहून, चिरनेरहून उचलून आणला. तिशीतला, काटक माणूस.

"आत गेला होतास?"

"गेलतो."

इतक्या लवकर कबुली मिळाली की पोलीस खूश होतो आणि पुढचे ऐकत नाही. माझेही तेच झाले. तो झेंडूच्या माळांचे काहीतरी सांगू लागला, तेव्हा मी त्याच्या कानाखाली वाजवली. खुनाचे कलम माझ्या मनात पक्के झाले होते. त्याच्यापुढे फाशी होती, नाहीतर जन्मठेप, आणि दोन दिवस त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

पण खोटे बोलणारा माणूस मार बसला की गोष्ट बदलतो. हा शब्दही बदलेना. "सायेब, खोलीत बटनांच्या चार पेट्या हायत. तिनांच्या झाकनातल्या माला मी काढल्या. चवथीला हात लावला आनि वॉचमन आला. चारी झाकना उघडून बघा, मंग माजा काय करायचा ता करा."

तेव्हा मी चरकलो. पंचनामा झाला होता, पण पेट्या कोणी उघडल्याच नव्हत्या. बाहेरून काळ्या पडलेल्या त्या जाड लोखंडी पेट्यांबद्दल 'जळालेल्या' एवढे लिहून आम्ही मोकळे झालो होतो. सरकारी विद्युत निरीक्षकांना बोलावले, दोन पंच घेतले आणि पुन्हा खोलीत गेलो.

"बटण दाबलं की आत ठिणगी उडणारच," निरीक्षक म्हणाले. "थिनरची वाफ पेटीत शिरलेली असली तर ती आत पेटते. पण झाकण इतकं घट्ट बसवलेलं असतं, की त्या सांध्यातून बाहेर येईतो ज्वाळा थंड होते. म्हणून तर एवढे बोल्ट."

तीन पेट्यांचे सांधे स्वच्छ निघाले. चौथीचे झाकण काढले. कडेला सुतळीचा जळका तुकडा चेपून बसला होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना फटीतून बाहेर पडलेल्या ज्वाळेचा काळा पट्टा होता.

मग कामगारांना विचारले. त्यांनी लपवले नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची, तर या गुळगुळीत पेट्यांना माळ अडकवायला जागाच नाही. म्हणून त्यांनी बोल्ट सैल केले, माळेच्या सुतळीचे टोक झाकणाखाली धरले आणि बोल्ट पुन्हा आवळले. माळा छान लोंबल्या, सगळ्यांना बरे वाटले. एकटा वायरमन माळा काढा म्हणाला आणि नोकरी घालवून बसला.

मॅनेजरला समोर बसवला.

"साहेब, श्रद्धेचा मामला आहे. पूजा मोडायची का?"

"पूजा आम्हीही करतो," मी म्हणालो. "दसऱ्याला ठाण्यातल्या बंदुकांना हार घालतो. नळीत फुलं कोंबत नाही. त्यानं तुम्हाला धोका सांगितला होता की नाही, तेवढं बोला."

रुमालाने बराच वेळ मान पुसून तो म्हणाला, "सांगितला होता."

तोच जबाब लिहून घेतला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला. वरून दोनदा फोन आले. मी कागद बदलला नाही.

वायरमनला सोडताना मी त्याची माफी मागितली. फौजदाराने असे करायची तेव्हा रीत नव्हती, पण मला राहवले नाही. मग विचारले, "अरे, कुंपणावरून उड्या कसल्या मारतोस? पेटी राहिली होती तर आमच्याकडे का नाही आलास?"

त्याने माझ्याकडे सरळ पाहिले. "आलतो, सायेब. दसऱ्याच्या सकाली. तुमी बंदुकांच्या पूजेत व्हते. हवालदार बोलला, अजून काय झाला नाय ना, मंग सनाच्या दिवशी कटकट नको. दोन घंटं बसलो आनि गेलो."

मी त्या दिवसाची ठाण्याची डायरी उघडली. त्याच्या येण्याची नोंद नव्हती. एक अख्खा दिवस हातात असताना आम्ही तो घालवला होता.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात बदली झाली, तिथे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले: 'अजून काही घडलेलं नाही, पण' असे म्हणत येणारा माणूस आधी माझ्यापुढे आणायचा. त्यातले काही रिकामटेकडे निघाले, काहींनी शेजाऱ्याच्या कोंबड्यांवरून तास खाल्ला. मी सगळ्यांचे ऐकले. त्या कामगाराच्या मृत्यूच्या गुन्ह्यात आरोपी म्हणून मी एकाचेच नाव लिहिले होते. माझ्या ठाण्याचे नाव लिहायला त्यात रकाना नव्हता.